सातव्या शर्यतीपर्यंत

रॅमस्डेनच्या पैजेच्या दुकानात चहा तीस पेन्सला मिळायचा. एकाच जातीच्या गिऱ्हाइकाला तो फुकट असे.

"हरलेल्याला द्यायचा नाही, जिंकलेल्याला तर मुळीच नाही," कामावर आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला रॅमस्डेन बजावायचा. "ज्याच्याकडे पैज जिंकायची पद्धत आहे ना, त्याला द्यायचा. साखर किती ते विचारून. पद्धतवाला रोज येतो. तो माझं पेन्शन आहे."

बेरिल आता दुकानाची मॅनेजर होती, त्यामुळे हल्ली हे बजावायचं काम तिच्याकडे आलं होतं. मार्चमध्ये आठवड्याची सुट्टी संपवून ती कामावर आली, मागच्या खोलीत कोट टांगून बाहेर आली, आणि टीव्हीखालच्या स्टुलावर तिला तिचा बाप बसलेला दिसला. त्याच्या पुढ्यात वाफाळता कप होता. बशीत बिस्कीटही होतं.

"त्याला चहा कुणी दिला?" तिने काचेमागे बसलेल्या डोरीनला हळूच विचारलं.

"मी दिला. कुत्र्यांच्या शर्यतींवर दुप्पट-दुप्पट लावतोय ना तो." डोरीनने मान वर केली आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

वर्षातून एकदा घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला सगळं क्रॅगली गाव लावतं तेवढी सोडली, तर हॉरेस मिजलीने जन्मात पैज लावली नव्हती. तो गालिच्यांच्या गिरणीत मागांचा दुरुस्तीवाला होता. माग अडला की विणणाऱ्या बायका त्याला हाक मारायच्या, आणि तो आधी मागाला हात न लावता नुसता कान देऊन उभा राहायचा. दोष कुठे आहे ते आवाजावरून कळतं, असं तो म्हणायचा. गिरणी बंद झाली तेव्हा मिळालेली रक्कम त्याने बचतीच्या सोसायटीतल्या खात्यात टाकली आणि तिला हात लावला नाही. हात लावायची वेळ आली ती विनीमुळे.

विनी, म्हणजे बेरिलची आई, टेकडीवरच्या हायर क्रॉफ्ट नावाच्या वृद्धाश्रमात होती. नवऱ्याचं नाव ती विसरली होती. बेरिलला कधी बहीण समजायची, कधी नर्स. घरी असताना ती रात्रंदिवस ओरडायची, घास तोंडात धरून बसायची. हायर क्रॉफ्टमध्ये पुढच्या बाजूची खोली मिळाली आणि तिचं ओरडणं थांबलं. कारण खिडकीखाली बसचा शेवटचा थांबा होता. गाडी चढ चढून वर यायची, वळसा घालून थांबायची, उतारू घ्यायची आणि परत खाली जायची. विनी तरुणपणी बसमध्ये कंडक्टर होती. सगळे चढले की ती बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायची. दोन घंटा म्हणजे निघा. मग बस निघायची. बहुतेक वेळा निघायची. नाही निघाली तर विनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा दोनदा वाजवायची, आणि एकदा का बस हलली की समोरच्या ताटातलं मुकाट्याने खायची.

हायर क्रॉफ्टचा खर्च सरकारी मदतीत बसत नव्हता. वरचे आठवड्याचे साठ पौंड हॉरेस भरायचा, त्या खात्यातून. आणखी दोनेक वर्षं पुरतील एवढे उरले होते.

त्या संध्याकाळी बेरिल दुकानातून थेट बापाच्या घरी गेली. हॉरेसने दोघांसाठी हॅम कापलं, व्हिनेगरमधलं बीट काढलं, पावाला लोणी लावलं. तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "बोल. डोरीनच्या तोंडावरूनच कळलं मला."

"डॅड, कधीपासून?"

"तू सुट्टीवर गेलीस तेव्हापासून. तू तिथे नसताना सुरुवात करायची होती." त्याने बीटचा तुकडा काट्याने टोचला. "डॉक्टर म्हणतात, विनीचं हृदय ठणठणीत आहे. पाच वर्षं सहज काढेल, सातही काढेल. आणि माझे पैसे दोन वर्षांचे. आधी ती संपेल की आधी पैसे, हा हिशोब मी रोज सकाळी उठून करतो, पोरी. माणसाने बायकोबद्दल असा हिशोब करावा का?"

बेरिलने प्लेट बाजूला सारली. ती म्हणाली, "माझ्याकडून आठवड्याला वीस घे."

"आणि तुझ्या घराचे हप्ते कोण भरेल? तुझा तो पळालेला नवरा?" तो किंचित हसला. "ऐक तर. मी फक्त फेव्हरिटवर लावतो, ज्याच्यावर लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर, आणि भाव एकास एक किंवा त्याहून चांगला असेल तरच. सुरुवात पाच पौंडांनी. हरलो की दहा. परत हरलो की वीस. जिंकलो की मागचं सगळं भरून येतं आणि वर पाच हातात राहतात. मग पुन्हा पाचापासून. कधी ना कधी फेव्हरिट जिंकणारच की नाही?"

"जिंकणार. पण त्याआधी ओळीने किती हरणार, हे कुणी सांगितलंय?"

"सहा-सात फेव्हरिट ओळीने हरले, असं मी तरी पाहिलं नाही."

"तू किती दिवस बघतोयस? मी सात हरलेले पाहिलेत, नऊ पाहिलेत. एकदा तेरा पाहिलेत."

"पाऊस असेल. ट्रॅक खराब झाला असेल."

"काहीही झालं नव्हतं. डॅड, माग नाही तो. तिथे दोष शोधून सापडत नाही. सहा कुत्रे पळतात, एक पहिला येतो. मागची शर्यत दुसऱ्या गावात झालेली असते, कुत्रे दुसरे असतात. तुझे सहा हरलेत, आता इभ्रतीचा प्रश्न आहे, हे या सातव्याला जाऊन कोण सांगतं?"

हॉरेसला हसू आलं. पण त्याने काटा खाली ठेवला नाही.

"तू विमा विकतोयस," बेरिल म्हणाली. "रोजचे पाच-पाच पौंड म्हणजे हप्ते. हप्ते घेताना बरंच वाटतं. ज्या दिवशी कुणाचं घर जळेल, त्या दिवशी भरपाई तू द्यायचीस. आणि ती तुझ्याकडे नाही. विमा कंपनीकडे असते, रॅमस्डेनकडे असते. तुझ्याकडे नाही."

हॉरेस हट्टी होता पण ऐकून न घेणारा नव्हता. शेवटी म्हणाला, "बरं. मग दुसरा मार्ग सांग."

बेरिलने ताटं उचलली. दोघांनी मिळून भांडी घासली.

पुढचे तीन महिने हॉरेस जिंकत राहिला. रोज नाही, पण आठवड्याच्या शेवटी हातात काहीतरी असायचंच, कधी तीस, कधी पंचेचाळीस. दोनदा तो सहाव्या शर्यतीपर्यंत ओढला गेला, आणि दोन्ही वेळा सहावा फेव्हरिट जिंकला. विनीसाठी त्याने जांभळट लोकरीचा स्वेटर आणला, पेपरमिंटची पिशवी आणली. दुकानातले लोक त्याच्या स्टुलामागे घुटमळायला लागले.

"काय हॉरेस, बँक उघडली का आज?" नेहमीचा गिऱ्हाईक स्टॅन्ली बूथ दारातून आत येता येताच ओरडायचा.

"तुझं खातं नाही उघडत मी. तारण काय देशील?"

"बायको देतो."

"ती मागच्याच वर्षी गहाण पडली होती ना तुझी?"

सगळे हसायचे, बेरिलही हसायची. पण हिशोब बंद करताना तिचा हात थांबायचा. आपलं चुकलं तर नाही ना, असं तिला कधी कधी वाटे. मग ती स्वतःला सांगायची की तीन महिने घर जळलं नाही, याचा अर्थ घर दगडाचं आहे असा होत नाही. हे खरं होतं. पण असलं खरं उराशी धरून झोप लागत नाही.

जूनमध्ये एका दुपारी हॉरेसचे सहा फेव्हरिट ओळीने हरले.

पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ. बेरिलला बेरीज करावी लागली नाही. तीनशे पंधरा. हॉरेसने खिशातून पाकीट काढलं आणि सातव्या शर्यतीसाठी तीनशे वीस पौंड काचेखालून डोरीनकडे सरकवले. काळ्या जाकिटातला कुत्रा, भाव एकास एक.

दुकानात कुत्र्यांच्या एका पैजेवर दोनशेची मर्यादा होती. त्यावर लावायचं तर रॅमस्डेनला फोन. बापाची चिठ्ठी बेरिल स्वतः कधी घेत नसे, पण फोन करणं मॅनेजरचं काम होतं. ती मागच्या खोलीत गेली.

"कोण, हॉरेस?" पलीकडून रॅमस्डेनचा आवाज आला. मागे कुणीतरी गवत कापत होतं. "दोनशे घे. नाहीतर सगळे घे, मला काय. पद्धतवाल्याला आपण कधी अडवलंय?"

तिने फोन ठेवला. शर्यतीला दीडेक मिनिट उरलं होतं. तेवढ्यात तिने जो विचार केला तो तिच्या बापाला शोभणारा होता. यंत्रातला एक दात काढला की यंत्र थांबतं. साखळी इथेच तोडली, तर तीनशे पंधरा जातील, पण तीनशे पंधराच जातील. पद्धत मोडलेली एकदा डोळ्यांनी पाहिली की त्याचा मोहही मोडेल.

ती बाहेर आली. "साहेब म्हणाले, पन्नास."

"पन्नास?" हॉरेसने काचेला हात लावला. "अगं, पन्नासात मागचं कसं भरून निघणार?"

"नाही निघणार, डॅड. आज इथेच थांब."

टीव्हीवर कुत्रे एकेक करून पिंजऱ्यात चढवले जात होते. हॉरेसने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि पन्नास पौंड सुटे करून ठेवले. बाकीचे पाकिटात गेले.

काळ्या जाकिटवाला पहिल्या वळणावरच पुढे निघाला आणि कुणाला जवळ येऊ न देता जिंकला.

"अरेरे, हॉरेस!" बूथ म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तीनशे वीस असते तर रे!"

डोरीनने शंभर पौंड मोजून दिले. बेरिल बापाच्या रागाची वाट पाहत होती. पण हॉरेस रागावलेला नव्हताच. लहानपणी तिने गिरणीच्या दारातून त्याला पाहिलं होतं, अडलेला माग पुन्हा सुरू होतो त्या क्षणी त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो झाला होता.

"सातवा आला," तो हळू म्हणाला. "पाहिलंस? पद्धत बरोबर होती."

हे तिने धरलंच नव्हतं. कुत्रा हरला असता तर पद्धत हरली असती. आता पद्धत हरली नव्हती, तिला कुणीतरी आडवं आलं होतं.

ते कोण, हेही दोन दिवसांत कळलं. रॅमस्डेन गल्ला न्यायला आला तेव्हा सांत्वनासाठी हॉरेसच्या शेजारी स्टूल ओढून बसला. "मी दोनशे म्हणालो होतो रे. वाटलं तर सगळे घे म्हणालो होतो. तुझी लेक फार जपून चालवते दुकान." तो हे कौतुकाने म्हणाला होता. हॉरेसने चहा संपवला. कप उचलून काउंटरवर आणून ठेवला, नेहमी तो टेबलावरच ठेवायचा. बेरिलकडे न बघता "येतो" म्हणाला. त्यानंतर तो दुकानात आला नाही.

रविवारी हायर क्रॉफ्टमध्ये दोघं विनीच्या दोन्ही बाजूंना बसले. हॉरेस हवेबद्दल बोलला. बेरिलने एकदा सुरुवात केली, "डॅड, त्या दिवशीचं—" पण तेवढ्यात बस आली, विनीने हात वर करून दोघांना गप्प केलं, आणि उतारू चढू लागले. टक, टक. बस निघाली.

"तिची वेळ कधी चुकत नाही," हॉरेस म्हणाला. मग टोपी घेऊन उठला.

पुढच्या शनिवारी दुपारच्या पाळीला आलेली डोरीन कोट काढता काढता म्हणाली, "तुझा बाप दिसला नऊ नंबरच्या बसमध्ये. चांगला कोट, टाय बिय. कुणाचं लग्न आहे का?"

नऊ नंबरची बस दरीपलीकडच्या गावाला जायची. तिथे बेरिलच्या माहितीचं एकही माणूस नव्हतं. कुत्र्यांचं मैदान होतं.

दुकान बंद करून ती गाडीने निघाली तेव्हा उन्हं अजून टेकड्यांवर होती. मैदानात तळलेल्या बटाट्यांचा आणि व्हिनेगरचा वास भरला होता, पोरं कठड्यावर चढून बसली होती. बुकी आपापल्या फळ्यांपाशी उभे होते, भाव खडूने लिहीत, पुसत, परत लिहीत. हॉरेस शेवटच्या रेषेजवळ कठड्याला टेकून उभा होता, इस्त्रीच्या कोटात, एकटा.

"कितवी?" तिने विचारलं.

तिला पाहून तो दचकला नाही. "पाच झाल्या."

"सुरुवात किती?"

"पन्नास. इथे मर्यादा नाही. इथे कुणी कुणाला फोन करत नाही."

पन्नास, शंभर, दोनशे, चारशे, आठशे. बेरिलने कठडा धरला. "आणि खिशात?"

"सातव्यापर्यंत पुरतील एवढे. सातवा येतो, तू पाहिलायस." मग जरा वेळाने म्हणाला, "अकरा पौंड ठेवलेत खात्यात. खातं बंद होऊ नये."

"त्या दिवशी सातवा आला, म्हणून आज—"

"तू म्हणाली होतीस, ओळीने सात हरलेले पाहिलेत. किती वेळा पाहिलेस? रोज पाहतेस का?"

"रोज नाही."

"मग?"

"डॅड, रोज व्हायची गरज नाही. एकदा झालं की पुरे."

सहावी शर्यत सुरू झाली होती. तिच्यावर तो आधीच सोळाशे लावून बसला होता. फेव्हरिटला पहिल्याच वळणावर शेजारच्या कुत्र्याने धक्का दिला, तो कोलमडला, सावरला, आणि चौथा आला. लोकांच्या गर्दीतून हसण्याचा आणि शिव्यांचा एक गोंगाट उठला आणि विरला. हॉरेस डोकं एका बाजूला कलतं करून उभा होता. ऐकत असल्यासारखा.

मग तो बुकीकडे वळला. बेरिलने त्याची बाही धरली.

"घरी चल. तुझ्या खिशात आत्ता बत्तीसशे आहेत. त्यात आईचं एक वर्ष निघेल. अख्खं वर्ष, डॅड. त्याच खोलीत."

"आणि वर्षानंतर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"वर्षानंतर ती जिवंत असेल, पोरी." तो अगदी शांतपणे म्हणाला. "वर्षानंतर तिला खिडकीपासून उठवायला कोण जाणार? तू जाशील? मी तर नाही जाऊ शकत."

बाही अजून तिच्या मुठीत होती. त्याचा दंड कोटाच्या आत किती बारीक झाला होता ते तिला जाणवलं. तिने ठरवलं असतं तर तिला त्याला ओढून नेता आलं असतं. गाडी जवळच होती.

"एकदा घातलास हात मध्ये," तो म्हणाला. "या वेळी नको."

आणि बेरिलने बाही सोडली.

का सोडली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. सातवा कुत्रा जिंकेल असं तिला वाटलं नव्हतं. हरेल असंही तिला ठामपणे म्हणता येत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर बापाला दुसऱ्यांदा अडवायचं बळ तिच्या हातात उरलं नव्हतं. काचेमागे असताना ते होतं.

बुकीने नोटा मोजल्या, शेजारच्या बुकीकडे एक नजर टाकली, त्याने मान हलवली. "चार नंबर. एकास एक. बत्तीसशे," तो मागे बसलेल्या माणसाला म्हणाला आणि हॉरेसच्या हातात पुठ्ठ्याचं रंगीत तिकीट दिलं. "शुभेच्छा, साहेब." तो ते मनापासून म्हणाल्यासारखा वाटला.

शर्यत अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नसते. चार नंबरचा कुत्रा चांगला पळाला. शेवटच्या वळणाला तो पुढेच होता. मग बाहेरच्या बाजूने पट्ट्यापट्ट्यांच्या जाकिटातला कुत्रा आला, दोघं बरोबरीने आले, आणि पट्टेवाला मानेच्या फरकाने पुढे गेला. ते त्यांच्या डोळ्यांसमोर झालं, काही हातांवर. शंकेला जागा नव्हती.

हॉरेसने तिकीट दुमडून वरच्या खिशात ठेवलं. बेरिलने "चल" म्हटलं, पण तो हलला नाही. म्हणून ती त्याच्या शेजारी उभी राहिली. आठव्या शर्यतीचे कुत्रे आणले गेले, पिंजरे उघडले, फेव्हरिट चार कुत्र्यांच्या लांबीइतका पुढे राहून जिंकला. हॉरेस रिकाम्या हातांनी ते बघत होता.

"आठवा," तो म्हणाला.

गाडीने दरी ओलांडली. चढ सुरू झाला, तेव्हा त्याने घसा साफ केला. "सातव्यापर्यंतचेच नेले मी. तिथे चुकलं." त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. दोष सापडल्याचं समाधान होतं, थकलेलं का होईना. "आठव्यापर्यंतचे हवे होते."

तिच्या जिभेवर आलं होतं की मग नवव्यापर्यंतचे हवे झाले असते, रॅमस्डेनची मर्यादा निदान भिंतीवर लिहिलेली तरी होती, तुझी तू खिशात घेऊन हिंडत होतास. आणि त्या दिवशी तीनशे वीस लावू दिले असते, तर तू पाच पौंड जिंकून हसत घरी गेला असतास आणि पाचांपासून परत सुरुवात केली असतीस, मग कधीतरी, या वर्षी नाही तर पुढच्या, इथेच आला असतास. हे तिला पटत होतं. जवळजवळ पूर्ण पटत होतं. तिने गिअर बदलला.

बेरिलने जादा पाळ्या केल्या. वरचे साठ पौंड तिने काही आठवडे भरले, मग तिच्या घराचा हप्ता चुकला, मग दुसरा चुकला. हायर क्रॉफ्ट चालवणाऱ्या बाईंनी शक्य होतं तितकं थांबून पाहिलं. सप्टेंबरमध्ये विनीला खाली दरीतल्या दुसऱ्या आश्रमात हलवलं. तिथली माणसं वाईट नव्हती. खोली स्वच्छ होती. खिडकीबाहेर बॉयलरच्या खोलीची विटांची भिंत होती, आणि भिंतीच्या वर हातभर आभाळ.

पहिल्या आठवड्यात विनी ओरडली. मग थांबली. नर्सने सांगितलं की जेवणाचं मात्र अवघड जातंय, तोंडात धरून ठेवतात.

बेरिल गेली त्या दुपारी हॉरेस आधीच आलेला होता. दोघं बाहेरच्या बाकावर बसले. कोट तोच होता, पण इस्त्री नव्हती.

"तुझ्याकडे पाच पौंड असतील का?" त्याने विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. "फक्त सुरुवातीचे."

तिच्या पर्समध्ये पाचाची नोट होती. आहे हे तिला पर्स न उघडता माहीत होतं.

"नाही, डॅड."

"बरं." त्याने मान हलवली, जशी सावकाश सगळ्यालाच हलवायचा. "पेन्शन मंगळवारी येतं. मंगळवारी असतेस ना तू दुकानात?"

"असते."

"डोरीनला सांग, आता साखर एकच. डॉक्टरने कमी करायला सांगितलीय."

ते आत गेले. विनीची खुर्ची खिडकीपाशी होती. अंगात जांभळट स्वेटर, समोर ताट, ताटातलं सगळं जसंच्या तसं. अंगठी बोटात सैल झाल्यामुळे तिच्यावर दोरा गुंडाळला होता. तिने हात काचेपर्यंत नेला होता आणि तिथेच धरला होता. ती विटांच्या भिंतीकडे लक्ष देऊन बघत होती.

हॉरेस तिच्या शेजारी बसला. तिने मान न वळवता त्याला विचारलं, "अजून चढतायत का?"

"हो," तो म्हणाला. "अजून चढतायत."

तिचा हात काचेपासून इंचभर अलीकडे तसाच राहिला.